लेझरने अँटिबॉडीचे ठिपके छापताना ऊर्जा किती ठेवावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विभागातला ३५५ नॅनोमीटरचा, १० नॅनोसेकंद पल्सचा लेझर तुम्हाला वापरायला मिळाला आहे. काचेच्या स्लाइडवर ५० नॅनोमीटर टायटॅनियम चढवून घेतलंय. त्यावर पीबीएसमधलं (म्हणजे मिठाच्या बफर द्रावणातलं) अँटिबॉडीचं, म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाचं, द्रावण पसरता, स्लाइड उलटी करता आणि वरून लेझर मारून खालच्या काचेवर ठिपके पाडता. पहिल्या दोन ओळी गोल, सुबक येतात. मग ठिपक्यांभोवती शिंतोडे दिसू लागतात आणि पाचव्या-सहाव्या ओळीपासून मधले ठिपके पडतच नाहीत. ऊर्जा वाढवली की शिंतोडे वाढतात, कमी केली की आणखी ठिपके गळतात. म्हणून तुम्ही विचारताय की नेमकी किती मायक्रोजूल ठेवू. त्याला दोन उपप्रश्न आहेत: अतिनील प्रकाशाने अँटिबॉडी खराब होते का, आणि पुढे याच मांडणीवर जिवंत पेशी छापता येतील का.

मायक्रोजूलचा आकडा मी देणार नाही, कारण माझा आकडा माझ्या टेबलापुरताच खरा आहे. एक हिशोब करून पाहा. १० मायक्रोजूल ऊर्जा ६० मायक्रॉन व्यासाच्या डागावर पडली तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.३५ जूल होतात. तीच ऊर्जा ४० मायक्रॉनच्या डागावर पडली तर ०.८ जूल. म्हणजे भिंग जरासं वरखाली झालं की दुपटीहून जास्त फरक, आणि ऊर्जामापकावर आकडा मात्र तोच. शोधनिबंधातला आकडा उचलून तसाच लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून पेपर वाचायला बसणं.

पण तुमची अडचण ऊर्जेची आहे असं मला वाटतच नाही. तुमच्या वर्णनातलं सगळ्यात बोलकं वाक्य आहे ते 'पहिल्या दोन ओळी छान येतात' हे. ऊर्जा चुकली असती तर पहिला ठिपकाही चुकला असता. इथे काहीतरी मिनिटागणिक बदलतंय. लेझर गरम होताना थोडा सरकतो हे खरं, म्हणून तो आधी अर्धा तास चालू ठेवायचा. पण माझा पहिला संशय डोनर स्लाइडवरच्या, म्हणजे जिच्यावरून द्रव उडतो त्या वरच्या स्लाइडवरच्या, द्रवाच्या थरावर आहे. तो सुकतोय.

हे का महत्त्वाचं, ते कळायला थेंब कसा सुटतो ते डोळ्यासमोर आणावं लागेल. लेझरची पल्स काचेतून आरपार येते आणि टायटॅनियमच्या पातळ थरात अडते. त्या जागचा धातू क्षणात तापून त्याची वाफ होते आणि द्रवाच्या आत, धातूला चिकटून, एक बुडबुडा फुगतो. त्या फुगवट्याच्या टोकातून द्रवाची एक बारीक धार बाहेर निघते. बुडबुडा मागे बसतो, धार पुढे जात राहते. तिचा वेग सेकंदाला काही दहा मीटरपासून शंभर मीटरच्या वरही जातो. ती समोरच्या काचेला टेकते आणि तिच्यातून जो द्रव पोचतो तो तुमचा ठिपका. सगळा खेळ काही मायक्रोसेकंदांपासून फार तर काहीशे मायक्रोसेकंदांत आटोपतो. बार्सिलोनाच्या सेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिजलद छायाचित्रं काढून हा प्रवास टप्प्याटप्प्याने दाखवला आहे. ती छायाचित्रं जरूर शोधून पाहा. त्यानंतर स्वतःच्या ठिपक्यांकडे पाहायची नजरच बदलते.

आता यात द्रवाची जाडी कुठे येते ते बघा. थर जाड असेल आणि बुडबुडा लहान, तर पृष्ठभागाला नुसता फुगवटा येतो आणि परत खाली बसतो. ठिपका पडत नाही. दोन्हींचं प्रमाण जमलं तर स्वच्छ धार निघते. थर पातळ झाला आणि बुडबुडा मात्र पहिल्याइतकाच जोरदार राहिला, तर तो वरचं पाणी फोडून बाहेर येतो. तेच तुमचे शिंतोडे. म्हणजे तुम्ही ऊर्जेच्या बटणाला हातही न लावता, थर पातळ होत गेल्यामुळे ऊर्जा आपोआप 'जास्त' होत गेली.

मग पुढच्या ओळींत ठिपके का गळतात? टायटॅनियमवर पीबीएस नीट पसरून राहत नाही. थर एका मर्यादेखाली पातळ झाला की तो फाटतो, द्रव बेटाबेटांत गोळा होतो आणि मध्ये कोरडी जमीन उरते. लेझर त्या कोरड्या जागी पडला तर उडवायला तिथे काहीच नसतं. तुम्ही ऊर्जा कमी केल्यावर गळती वाढली याचं कारण बेटांवरचा गोळा झालेला जाड द्रव आता उडेनासा झाला. दोन्ही बाजूंनी कोंडी झाली आहे आणि ती ऊर्जेने सुटणार नाही.

किती लवकर सुकतो याचा अंदाज घ्या. खोलीतल्या स्थिर हवेत उघडं पाणी मिनिटाला एक-दोन मायक्रॉन उडून जातं. तुमचा थर ३० मायक्रॉनचा धरला, तर पाच-सात मिनिटांत तिसरा हिस्सा गेला. वर एसीचा झोत असेल तर विचारूच नका. मी यात स्वतः तोंडावर आपटलोय. एका वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बसून केलेले सगळे प्रयोग एकसारखे आले, आणि दिवाळीनंतर तीच कृती, तोच लेझर, तेच द्रावण, तरी एक स्लाइड धड येईना. दोन आठवडे मी लेझरवाल्याला फोन करत होतो. शेवटी एका विद्यार्थिनीने सहज विचारलं, 'सर, तेव्हा पाऊस होता ना?' खोलीतली आर्द्रता मोजली तर निम्म्याच्याही खाली आली होती. लेझरवाल्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

माझं निदान खरं की खोटं हे तुम्ही अर्ध्या तासात ठरवू शकता. नवा थर पसरा, एक ओळ छापा, लेझर चालूच ठेवून पल्स मारणं थांबवा आणि पाच मिनिटं काहीही न करता बसा. मग त्याच सेटिंगवर, थराच्या न वापरलेल्या भागात दुसरी ओळ छापा. दुसरी ओळ बिघडली तर लेझर निर्दोष आहे. याहून थोडी बारकाईची चाचणी म्हणजे ऊर्जेची शिडी: सहा-सात पायऱ्या, प्रत्येक पायरीवर दहा ठिपके, आधी चढत जायचं आणि लगेच त्याच पायऱ्यांनी उतरत यायचं. चढतानाचे आणि उतरतानाचे ठिपके जुळले नाहीत तर मधल्या वेळात थर बदलला. ही शिडी मी प्रत्येक नव्या द्रावणाला आधी लावतो. तिच्याशिवाय घेतलेल्या 'योग्य ऊर्जे'च्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्याही.

थराची जाडी मोजायला महागडं काही लागत नाही. साधा अचूक वजनकाटा घ्या, दशांश मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा. २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटरवर ३० मायक्रॉन म्हणजे १२ मायक्रोलिटर, म्हणजे सुमारे १२ मिलिग्रॅम. कोरडी स्लाइड तोला, थर पसरून तोला, पाच मिनिटांनी पुन्हा तोला. सरासरी जाडीही कळते आणि सुकण्याचा वेगही. पिपेटच्या टोकाने पसरवणं सोडा. त्याने एका कडेला २० आणि दुसऱ्या कडेला ६० मायक्रॉन असं सहज होतं. ठरावीक फट असलेली ब्लेड ओढून पसरलेला थर कितीतरी समान येतो. स्लाइड गरगर फिरवून थर पसरणारा स्पिन कोटरही चालतो, पण त्यात बरंच द्रावण उडून वाया जातं, आणि अँटिबॉडीची किंमत बघता ते परवडत नाही.

सुकणं थांबवायचे दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला ग्लिसरॉल. बफरमध्ये वजनाने निम्मं ग्लिसरॉल घातलं तर द्रावण पाण्याच्या पाच-सहा पट घट्ट होतं, धार जास्त शिस्तीत निघते आणि सुकणं मंदावतं. अँटिबॉडीला याचा सहसा त्रास नसतो. कितीतरी अँटिबॉडी विकत येतात त्याच ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये. पण ग्लिसरॉल सुकणं पूर्ण थांबवत नाही. हवेतल्या आर्द्रतेशी जुळेपर्यंत पाणी जातच राहतं. म्हणून दुसरा उपाय म्हणजे बंद पेटी. सगळी मांडणी ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा आणि आत मिठाच्या संपृक्त द्रावणाचं ताट ठेवा. साधं मीठ, तळाशी न विरघळलेले खडे राहतील इतकं. अशा पेटीत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. त्या हवेत तुमचं ५० टक्क्यांचं ग्लिसरॉल थोडं पाणी सोडून साधारण साठीच्या जवळ जाऊन थांबतं आणि मग थर तासभरही फारसा बदलत नाही. मी तर थर पसरल्यावर दहा मिनिटं मुद्दाम थांबतो, त्याला स्थिर होऊ देतो आणि मगच पहिला ठिपका मारतो. थर फाटू नये म्हणून ट्वीन-२० (साबणासारखं, द्रव पसरायला मदत करणारं रसायन) अगदी थोडं घालता येतं, पण त्यामुळे खालच्या काचेवर ठिपका जास्त पसरतो. म्हणून शेवटचा पर्याय.

या तंत्राचा जन्म कोरड्या थरावर झाला, हे इथे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. १९८६ मध्ये बोहँडी, किम आणि एड्रियन यांनी लेझरच्या एकेका पल्सने काचेवरचं तांबं समोरच्या सिलिकॉनवर उडवून बसवलं. तांब्याचा थर आज लावा, आठवड्याने वापरा, तो तिथेच असतो. म्हणून त्यांच्या बाजूने बघता ऊर्जा, फोकस आणि अंतर एवढंच सांभाळायचं होतं. पुढे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी आणि इतरांनी हेच तंत्र प्रथिनं आणि पेशींकडे वळवलं तेव्हा उडवायची वस्तू ओली झाली. पण आपण विद्यार्थ्यांना शिकवताना अजूनही भौतिकशास्त्राच्या बाजूने, लेझरपासूनच सुरुवात करतो, आणि थर पसरणं हे 'तयारी' म्हणून एका ओळीत उरकतो.

तरीही फोकस एकदा नीट मोजून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी भिंग हलवलं की परत शून्यावर याल. द्रव न लावता, कोरड्या टायटॅनियमवर वाढत्या ऊर्जेने एकेक पल्स मारा आणि पडलेल्या भोकांचे व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. व्यासाचा वर्ग आणि ऊर्जेचा नैसर्गिक लॉगरिदम यांचा आलेख सरळ रेषेत येतो. तिच्या उतारावरून किरणाचा आकार निघतो, आणि रेषा जिथे शून्याला छेदते तिथे धातू उडण्याची किमान ऊर्जा. ही लिऊ यांची १९८२ ची पद्धत, अजून तिच्याइतकं सोपं काही मला सापडलेलं नाही. दोन स्लाइडमधलं अंतर काहीशे मायक्रॉन ठेवा आणि चारही कोपऱ्यांत तेवढंच आहे ना ते तपासा. चिकटपट्टीचे तुकडे लावून अंतर ठेवत असाल तर एक कोपरा हमखास उंच राहतो. आणि एकदा पल्स पडलेल्या जागी धातू उरलेला नसतो, तेव्हा डोनर प्रत्येक ठिपक्याला पुढे सरकवायचीच. शेजारच्या जागाही फार जवळ घेऊ नका. आधीच्या पल्सने हललेल्या थरातून निघालेली धार वाकडी जाते.

गॉगल घालता ना? ३५५ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही आणि वरची धातूची स्लाइड बराच प्रकाश परत फेकते. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नव्हता म्हणून विचारलं.

आता अँटिबॉडीच्या तब्येतीबद्दल. उष्णतेची भीती सगळ्यांना वाटते, पण १० नॅनोसेकंदांत उष्णता पाण्यात मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपासच शिरते. नंतरच्या काही मायक्रोसेकंदांत ती आणखी मायक्रॉन-दोन मायक्रॉन पुढे जाते, तोवर धार निघालेली असते. ३० मायक्रॉनच्या थरात धातूला लागून असलेला पातळ पापुद्रा पोळतो, बाकीचा द्रव बेखबर. प्रकाशही बहुतेक टायटॅनियममध्येच अडतो. माझ्या अनुभवात अँटिबॉडी मरते ती बहुधा लेझरने नव्हे. ती धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसते, किंवा सुकणाऱ्या थरात मिठाचं प्रमाण वाढत जातं त्यात तिचं बिनसतं. म्हणून तुलनेसाठी तीन नमुने ठेवा. एक, ताजं द्रावण पिपेटने खालच्या काचेवर. दोन, तेच द्रावण डोनरवर तेवढाच वेळ पसरून ठेवलेलं, पण लेझर न मारता परत गोळा केलेलं. तीन, लेझरने छापलेलं. बहुतेक लोक पहिला आणि तिसरा एवढेच करतात आणि फरक दिसला की लेझरला दोष देतात. मधल्या नमुन्याने बरेचदा वेगळीच गोष्ट उघड होते. ठिपक्यात टायटॅनियमचे कण मात्र येतात. फ्लुओरेसन्सने (चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या उजेडावरून) मोजणार असाल तर डार्क फील्डमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकात काळ्या पार्श्वभूमीवर कण चमकून दिसतात त्या पद्धतीने, एकदा पाहून घ्या.

एक अवघड प्रश्न मीच विचारतो: तुम्हाला लेझर खरंच हवा आहे का? पातळ द्रावणाचे शंभर-दीडशे मायक्रॉनचे ठिपके हवे असतील, तर पिझोवर (वीज दिली की आकार बदलणाऱ्या स्फटिकावर) चालणारा, बारीक नोझलमधून थेंब टाकणारा साधा स्पॉटर ते काम करतो आणि कमी कटकटीत करतो. लेझरचा खरा फायदा नोझल नसण्यात आहे. जे द्रावण बारीक नोझलमध्ये अडकतं, म्हणजे घट्ट जेल, कण असलेलं द्रव, पेशींची दाट गर्दी, तिथे लेझर बाजी मारतो. किंवा द्रावण इतकं महाग असतं की नळ्या भरण्यात घालवणं परवडत नाही. हे ठिपके एखाद्या सेन्सरसाठी असतील आणि त्याला फक्त अँटिबॉडी लागत असेल तर मार्गदर्शकांशी हे एकदा बोला. पण पुढे पेशींकडे जायचंच असेल, तर आत्ता घेतलेला त्रास वाया जाणार नाही.

पेशी याच मांडणीवर छापता येतात, काही बदल करून. ग्लिसरॉल इतक्या प्रमाणात पेशींना चालत नाही. त्याऐवजी अल्जिनेट, हायलुरॉनिक ॲसिड किंवा रक्तातला प्लाझ्मा यांनी द्रावण घट्ट करतात. धातूचे कण नको असतील तर काही मायक्रॉन जाडीचा पॉलिइमाइडचा (एका चिवट प्लास्टिकचा) थर वापरतात. ३५५ नॅनोमीटर तो चांगला शोषतो. आतल्या आत वाफ होऊन त्याला फोड येतो, पण तो फुटत नाही, आणि फोडाच्या धक्क्याने द्रव उडतो. प्रिन्स्टनच्या क्रेग आर्नोल्ड यांच्या गटाने २००७ च्या सुमारास हा मार्ग दाखवला. मला तो फार आवडतो, फक्त पॉलिइमाइडची जाडी सगळीकडे सारखी मिळवायला हात बसावा लागतो.

पेशी मरतात त्या लेझरपेक्षा आपटण्याने. नुसत्या काचेवर उतरवू नका, खाली काही दहा मायक्रॉन जाडीची जेलची गादी द्या. रिंगायझन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उंदराच्या पेशी जेलवर छापून ९५ टक्क्यांहून अधिक जगल्याचं दाखवलं. हॅनोव्हरच्या लेझर केंद्रातल्या कोख यांच्या गटाला त्वचेच्या पेशींत ९८ टक्के आणि मानवी मूलपेशींत ९० टक्क्यांच्या आसपास यश मिळालं. त्याच गटाने पुढे वीस थर फायब्रोब्लास्टचे (त्वचेच्या आतल्या थरातल्या पेशी) आणि वीस केरॅटिनोसाइटचे (वरच्या थरातल्या पेशी) असे छापून ते उंदरांच्या जखमांवर बसवले, ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा 'लेझरने पेशी मरतील' ही शंका आता जुनी झाली.

नवख्यांची फसगत होते ती मोजणीत. मिलिलिटरला एक कोटी पेशी असं द्रावण बऱ्यापैकी दाट. १०० पिकोलिटरच्या थेंबात सरासरी एक पेशी येते. 'सरासरी एक' याचा अर्थ प्रत्येक थेंबात एक, असा लोक घेतात. प्रत्यक्षात शंभरातले साधारण ३७ थेंब रिकामे, ३७ मध्ये एक आणि उरलेल्या २६ मध्ये दोन किंवा अधिक. हे नशिबाचं गणित आहे, लेझर कितीही चांगला लावला तरी बदलत नाही. त्यात पेशी जड असतात. उलट्या स्लाइडवर त्या हळूहळू थराच्या मोकळ्या पृष्ठभागाकडे, म्हणजे धातूपासून लांब उतरतात. उष्णतेच्या दृष्टीने हे बरंच, पण सुरुवातीच्या थेंबांतली पेशींची संख्या आणि नंतरच्या थेंबांतली संख्या यामुळे वेगळी येते. इथेही घड्याळ लावूनच छापायचं.

तेव्हा या आठवड्यात बाकी काही न करता पाच मिनिटांची चाचणी करा, पीबीएसवर एकदा आणि ५० टक्के ग्लिसरॉलवर एकदा. दोन्ही वेळी खोलीतली आर्द्रता लिहून ठेवा. ग्लिसरॉलमध्ये दुसरी ओळ पहिलीसारखी आली आणि पीबीएसमध्ये नाही, तर आपलं ठरलं. पीबीएसमध्येही दोन्ही ओळी सारख्याच चांगल्या आल्या, तर माझं निदान चुकलं. तसं झालं तर लागोपाठ शंभर पल्सचे ऊर्जामापकावरचे आकडे आणि बिघडलेल्या ओळीचा फोटो टाका, मग लेझरकडे बघू.